भाता की दम

सावळीरामला मी भाऊ मानत होतो. हे आधीच सांगतो, कारण पुढं मी त्याच्याबद्दल जे बोलणार आहे ते ऐकून कोणाला वाटेल की आमचं पहिल्यापासूनच वाकडं असावं. तसं अजिबात नव्हतं. तो मूळचा सायखेड्याचा, मी नाशिकचाच. लग्नानंतर तो आमच्या कॉलनीत राहायला आला. त्या वर्षी भीमजयंतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरचा क्लच गेला आणि नवे कोरे पांढरे कपडे घालून आम्ही दोघंच त्या ट्रॅक्टरखाली आडवे झालो. तेव्हापासूनची दोस्ती. मी सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होतो, तो नाशिक-मुंबई टॅक्सी चालवायचा, दुसऱ्याच्या मालकीची. इंजिन मला कळायचं आणि रस्ता त्याला.

त्याच्यासारखी गाडी चालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आजही म्हणतो. राग आहे म्हणून खोटं कशाला बोलू?

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. नाशिकच्या एका मोटार क्लबनं त्र्यंबकहून हरसूलला जाणाऱ्या रस्त्यावर, घाटात, चढणीची शर्यत ठेवली. एकेक गाडी खालून सोडायची, वर पोचायला जिला सगळ्यात कमी वेळ लागेल ती पहिली. क्लबमध्ये कोठावदे शेठ होते. त्यांचा ट्रकचा धंदा, आणि शर्यतींचा नाद. सातपूरला त्यांची एक शेड कुलूप लावून पडलेली होती. शेठनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की गाडी देशी पाहिजे, इंजिन घरी तयार केलेलं पाहिजे, आणि ज्याचं इंजिन पहिलं येईल त्याला ती शेड चालवायला देईन. माझ्या गाड्यांचं काम तर मिळेलच, बाहेरचंही घ्या म्हणाले.

मला ती शेड हवी होती. हवी म्हणजे किती, ते शिफ्टमध्ये उभा राहून वर्षानुवर्षं एकाच मापाचं बुशिंग कातणाऱ्या माणसालाच कळेल. दुसऱ्यानं काढलेलं ड्रॉइंग, दुसऱ्यानं ठरवलेलं माप, आणि चुकलं तर शिव्या मात्र आपल्याला. शेडच्या दारावरची पाटीसुद्धा मी मनात रंगवून ठेवली होती. तिच्यावर आमची दोन नावं होती, माझं यादव आणि त्याचं सावळीराम. एक नाव कधीच नव्हतं.

एका टॅक्सीमालकानं मोडीत काढलेली फियाट आम्ही दोघांनी मिळून घेतली. आता प्रश्न इंजिनाचा.

कुर्ल्याच्या भंगारात मला एक वस्तू सापडली होती. बिडाची, गोगलगायीच्या पाठीसारखी, हातभर लांब. भंगारवाला म्हणाला पाण्याचा पंप आहे. मी मान डोलावली आणि पंपाच्या भावात उचलली. तो टर्बो होता, कुठल्याशा जपानी गाडीचा. कारखान्यात जुनी परदेशी मासिकं यायची, त्यातली चित्रं बघून बघून मला तो पाठ झाला होता. इंजिनातून धूर बाहेर पडतो, तो वाया जातो. टर्बो त्या धुरावर एक चक्र फिरवतो. त्या चक्राच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. कारखान्यातल्या हवेच्या नळीनं मी ते चक्र फिरवून पाहिलं तेव्हा त्यातून अशी बारीक शिट्टी निघाली की माझ्या अंगावर काटा आला.

सावळीरामनं ती वस्तू हातात घेऊन उलटीपालटी केली. "हा तं लोहाराचा भाता हाय," तो म्हणाला. झालं, त्या दिवसापासून टर्बोचं नाव भाता पडलं.

दुसरा रस्ता साधा होता. इंजिन जेवढी हवा स्वतः ओढतं तेवढीच ओढू द्यायची, फक्त तिची वाट मोकळी करायची. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, घासून आतला दाब वाढवायचा, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर लावायचे, हवेच्या वाटा आतून गुळगुळीत करायच्या. याला सावळीराम आपल्या दमावरचं इंजिन म्हणायचा.

दोन्ही करता येत नव्हतं, खरी गोम तिथं होती. भात्याला इंजिनाचा मूळचा दाब कमी लागतो, दमाला जास्त. हेड घासलेल्या इंजिनावर भाता चढवला तर आपल्याकडच्या पेट्रोलवर ते ठोकायला लागणार, आणि अर्ध्या घाटात पिस्टनला भोक. आणि घासलेलं हेड काही पुन्हा जाड होत नाही. म्हणजे एकदाच काय ते ठरवायचं होतं.

मी भात्याच्या बाजूनं होतो, हे सांगायला नकोच. सावळीराम विरुद्ध. आमच्या ओट्यावर बसून आमचा वाद चालायचा, माझी बायको लता चहावर चहा देत राहायची.

"वळनातून भाईर पडताना म्या पाय ठिवला की गाडी निघाली पायजे," तो म्हणायचा. "तुझा भाता आधी इचार करनार, मंग ढकलनार. तोवर पुढचं वळन आलं."

"थोडा उशीर लागतो, पण मग जी ओढ मिळते ती बघशील तर..."

"आन चावीचं काय?"

चावीचं म्हणजे असं. टॅक्सीवाल्यांना एक खोड असते आणि सावळीरामला ती सगळ्यांपेक्षा जास्त होती. चढ संपला, उतार लागला, की चावी मागं. मुंबईला जाताना इगतपुरी सोडली की तो इंजिन बंद करायचा आणि कसाऱ्यापर्यंत गाडी नुसती घरंगळत न्यायचा. पेट्रोल वाचतं. मालक काही बघत नाही, पण वाचलेलं पेट्रोल आपलं. त्याचा हात आता त्याच्या डोक्याला विचारायचासुद्धा नाही, घाटमाथा आला की आपोआप चावीवर जायचा. आणि भात्याला नेमकं तेच चालत नाही. घाट चढून आला की तो लालबुंद तापलेला असतो, चक्र भन्नाट फिरत असतं. इंजिन बंद केलं की तेल थांबतं, आणि आतलं तेल जागच्या जागी जळून भाता कायमचा अडकतो. दोन-तीन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवून त्याला निवू द्यावं लागतं.

"सवय बदल," मी म्हणालो.

"माझा हात तोडावा लागंल, यादवा." त्यानं खरंच हात पुढं केला. "तीन-चार घाट मारू तयारीला, तितंच तुझा भाता मरंल. मंग माझ्या नावानं बोंबलशील. त्यापरीस नको. आपलं इंजिन आपल्या दमावर पळू दे ना. उसनी हवा कशाला? आपन काय उसन्यावर आलो का इथवर?"

हे त्यानं अशा काही सुरात म्हटलं की मला भरून आलं. भाता लावायच्या आधीच माझ्यात हवा भरली गेली. मी भाता पोत्यात गुंडाळला आणि माळ्यावर टाकून दिला.

हेड घासायचं ठरलं त्या दिवशी सातपूरच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये तो माझ्याशेजारी उभा होता. हेड ग्राइंडरवर बसवून मी मशीन सुरू करायच्या आधी पुन्हा विचारलं.

"अजून सांग. घासलं की संपलं."

"घास," तो म्हणाला.

घासलं.

त्यानंतरचे महिने चांगले गेले, हे कबूल केलं पाहिजे. मला शिफ्ट नसेल आणि त्याला फेरी नसेल तेव्हा आम्ही गाडीपाशी. इंजिन खरोखर सुरेख झालं होतं, दोन कार्बोरेटर एका तालात बोलायला लागले तेव्हा मी सावळीरामला मिठी मारली होती. एवढं मात्र होतं की काम दमाचं आणि त्याचे प्रश्न भात्याचे. "समज भाता लावला असता, तं तेलाची नळी कुठून घेतली असती?" "समज दाब कमी करायचा, तं ग्यास्केट जाड टाकायची का पिस्टन कापायचे?" मी हसायचो आणि सगळं सांगायचो. वादात हरलेल्या माणसाला आपलं म्हणणं परत परत सांगायला मिळालं तर काय हवं? चुन्यानं फरशीवर आकृत्या काढून दाखवल्या मी त्याला. वळणात भात्याचा उशीर कसा टाळायचा तेसुद्धा सांगितलं. उजवा पाय पेट्रोलवर तसाच दाबून ठेवायचा आणि डाव्या पायानं ब्रेक मारायचा, म्हणजे इंजिन पडत नाही, भाता फिरता राहतो. "येडाच हायेस," तो म्हणाला, "डाव्या पायानं कोन ब्रेक मारतं?"

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी त्याची बायको, शकुबाई, दारात आली. "भावजी, सायखेड्याहून निरोप आला. आत्याबाईंना लय बरं नाय. हे गेले सकाळच्यालाच. म्हनले, यादवला सांग गाडी तूच चालव, माझ्यासाठी थांबू नको."

धोंडामावशी म्हणजे सावळीरामची आई. तिनं मला हातानं भाकरी भरवली होती. मी म्हणालो, गाडी गेली खड्ड्यात, मीही निघतो सायखेड्याला. तर शकुबाई एकदम म्हणाली, "नको नको, तुमी शर्यत सोडू नका, त्यांना वाईट वाटंल." ती माझ्याकडं बघत नव्हती. सासूची काळजी असेल असं मला वाटलं, आणि सावळीरामचा जीव केवढा मोठा असंही वाटलं. आई आजारी आणि हा माझ्या शर्यतीचा विचार करतोय!

दुसऱ्या दिवशी गाडी मीच चालवली. लताला बरोबर नेलं नाही, ती म्हणाली मला बघवणार नाही, तुम्ही या, मी घरी गोड करून ठेवते. घाटात दोन्ही बाजूंना माणसं होती, हरसूलकडची, पाड्यांवरची, पोराबाळांना घेऊन दगडांवर बसलेली. मी काही सावळीराम नाही. दोन वळणं मी चुकवली, एका ठिकाणी गाडी कडेच्या मुरुमावर गेली. पण इंजिन! पाय ठेवायचा अवकाश, ते निघत होतं. वर पोचलो. थोड्या वेळानं घड्याळवाल्यांनी ओरडून सांगितलं की आतापर्यंतच्या गाड्यांत मी पहिला आहे. आता एकच गाडी उरली होती, खुद्द कोठावदे शेठच्या नावावर असलेली एक फियाट. शेठ स्वतः वर खुर्ची टाकून बसले होते, म्हणजे चालवणारा दुसराच कोणी असणार. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते. मी मनात म्हणालो, सावळ्या, झाली रे आपली शेड.

आणि खालून शिट्टी ऐकू आली.

बारीक, चढत जाणारी. गर्दीत कोणाला ती वेगळी वाटलीही नसेल. पण मी ती शिट्टी ओळखतो. मी कठड्यापाशी जाऊन खाली बघितलं. पांढरी फियाट वळणात शिरत होती, मागचे ब्रेकचे दिवे लागलेले होते आणि तरीही इंजिन तसंच ओरडत होतं, पडत नव्हतं. वळणातून ती अशी सुटली की वरची माणसं उभी राहिली. मला आधी राग नाही आला, खरं सांगतो. मला वाटलं, नाशिकमध्ये आणखी कोणीतरी आहे ज्याला हे जमतं, आणि आपल्याला तो माणूस माहीतच नाही.

गाडी वर आली. घड्याळवाले ओरडले, लोक ओरडले. किती फरकानं हरलो ते विचारू नका. मी गर्दीतून वाट काढत गाडीपाशी गेलो. हेल्मेट घातलेला ड्रायव्हर आत बसून होता. इंजिन चालू होतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, चावीपासून लांब, आणि तो शांतपणे वाट बघत होता. लोक त्याला बाहेर ओढायला बघत होते, तो मानेनं नाही म्हणत होता. शाबास, मी म्हणालो, हा भात्याला निवू देतोय. ह्याला कोणीतरी नीट शिकवलंय.

मग त्यानं हेल्मेट काढलं.

सावळीराम. तोच हात, जो तोडावा लागेल म्हणाला होता, तो स्टिअरिंगवर गप्प पडलेला होता. किती दिवस लागले असतील त्या हाताला शिकवायला? किती घाट मारले असतील त्यानं माझ्या माघारी? सकाळी मुंबईची फेरी आहे सांगून, संध्याकाळी उशीर झाला सांगून. आणि मध्येच येऊन मला विचारायचं, तेलाची नळी कुठून घेतली असती. शिकवणारा मीच होतो, मीच त्याला शाबास म्हणत होतो.

"मावशी कशी आहे?" मी विचारलं.

त्यानं खाली बघितलं. "बरी हाय."

मी खिडकीतून हात घातला आणि चावी धरली. एक झटका, बस. भाता जागच्या जागी जळला असता आणि त्याला जन्मभर पुरला असता. त्यानं माझं मनगट पकडलं. जोरात नाही.

"नको यादवा. जळंल तो."

आणि माझ्या हातानं ते झालं नाही. मला स्वतःचाच संताप आला, पण चालू इंजिन मला मारवलं नाही. मी हात बाहेर काढला.

"का रे?" मी म्हणालो.

"तुला पगार हाय, शिफ्ट हाय, म्हातारपनी काहीतरी हातात पडंल. मला काय? मालकानं चावी मागितली की म्या रस्त्यावर." तो हळू बोलत होता, मागून शेठ हार घेऊन येत होते. "तुझ्या गाडीवर जिकलो असतो तं लोक म्हनले असते यादवचं इंजिन, सावळीराम डायव्हर. शेड तुझी, म्या तितंबी डायव्हरच."

"पाटीवर दोन नावं होती," मी म्हणालो. "मागितली असतीस तर एकट्याला दिली असती."

"मागायचीच तं नव्हती," तो म्हणाला. "तू येशील का तितं कामाला? म्या बोललोय शेठला तुझ्याबद्दल."

कामाला! मी एक घाणेरडी शिवी दिली. आजूबाजूच्या बायकांनी तोंडं फिरवली. मग मला सुचलं ते विचारलं. "भाता माझ्या माळ्यावरून कसा काढलास?"

"काढला नाय," सावळीराम म्हणाला. "वहिनीनं दिला."

इतक्यात शेठनी त्याच्या गळ्यात हार घातला, आणि त्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं. भाता निवला होता.

त्र्यंबकपासून घरापर्यंत मी गाडी कशी आणली मला आठवत नाही. एवढंच डोक्यात होतं की लता खोटं बोलणारी बाई नाही, आणि सावळीराम खोटं बोललेला आहे, तर हेही त्याचंच खोटं. कॉलनीच्या तोंडाशी येईपर्यंत मी स्वतःची खात्री करून दिली होती.

ती दारातच उभी होती. हसत होती, डोळ्यांत नुसती चमक. माझं तोंड बघण्याआधीच बोलायला लागली.

"कळलं ना? भाता कसा पळाला, सांगा! भावजींनी कधी सांगितलं तुम्हाला, आधी की नंतर?"

मी ओट्यावर बसलो. ती बोलतच होती. हेड घासायच्या आधीच सावळीराम तिच्याकडं आला होता म्हणे. म्हणाला, वहिनी, यादवला भात्याचा लय सोस हाय, म्या उगाच नाय म्हनतोय. आपन त्याला चकित करू. म्या भाता गुपचूप बसवून घेतो, शर्यतीच्या दिवशी त्याची गाडी त्याच्याच भात्यावर पळवतो. त्याला आत्ता सांगू नका. तिला इंजिनातलं काय कळतंय? तिला एवढंच कळलं की आपल्या नवऱ्यावर कोणीतरी इतका जीव लावतंय. तिनं पोत्यात घरातला फुटका खल गुंडाळून माळ्यावर ठेवून दिला. सायखेड्याचा निरोपही तिला त्याच बेतातला वाटला होता.

"किती जड गेलं मला, तुम्हाला काय सांगू," ती म्हणाली. "साफसफाईला तुम्ही माळ्यावर चढायला निघालात तेव्हा मी पोट धरून बसले, आठवतंय? काही दुखत नव्हतं हो. तुम्ही डॉक्टर आणायला अनवाणी पळालात, आणि मी आत तोंडाला पदर लावून हसत होते."

मग तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मी सगळं सांगितलं. ओरडून सांगितलं, शेजारचे बाहेर आले तरी थांबलो नाही. शेठची गाडी, हेल्मेट, धोंडामावशीचं आजारपण, सगळं. ती उभी होती तिथंच खाली बसली. चुलीवर काहीतरी लागल्याचा वास यायला लागला, पण ती उठली नाही.

शेड गेली ते मी गिळलं असतं. भाता गेला, नाव गेलं, दोस्त गेला, माणूस एवढं सगळं गिळतो आणि दुसऱ्या दिवशी शिफ्टला जातो. मीही गेलो. पण या बाईला त्यानं माझ्याशी खोटं बोलायला शिकवलं, आणि तेही माझ्यावरच्या मायेपोटी. ती कधी कोणाशी खोटं बोलली नव्हती. तिचा हा खरेपणा त्याला कोणी दिला होता उचलायला?

"मी तुमच्याशी खोटं बोलले," लता म्हणाली. "त्याच्यासाठी बोलले मी. आता उद्या तुम्ही मला काही विचारलंत, आणि मी सांगितलं, तर खरं वाटेल का तुम्हाला?"

"वाटेल," मी लगेच म्हणालो.

लग्न झाल्यापासून मी तिच्याशी बोललेलं ते पहिलं खोटं.